फिरणारे फ्लायव्हील आणि न हललेली रिफील

गेल्या वर्षी मे महिन्यात मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून मी जॉन्सन कंपनीची सहा हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायचे इंजिन, अठरा हजार रुपयांना विकत घेतली. मोटर जाम आहे हे विकणाऱ्याने लपवले नाही आणि फसवणुकीची खरी मेख तिथेच होती. कारण जो माणूस एक दोष आपणहून सांगतो, त्याच्या उरलेल्या बोलण्यावर आपण फारशी शंका घेत नाही.

मोटर दहा-बारा वर्षे खोपीत पडून असल्यामुळे रिंगा सिलिंडरला चिकटल्या आहेत, याखेरीज तिला काही झालेले नाही, असे त्याचे म्हणणे होते. माझ्यादेखत त्याने प्लगच्या भोकांतून थोडे तेल सोडले, इंजिनाच्या डोक्यावरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, दोन्ही हातांनी धरले आणि बराच जोर लावल्यासारखे करून पाव फेरा फिरवून दाखवले. ‘‘गेल्या आठवड्यात हलत नव्हती, आता बघा. चार दिस तेल मुरांदे, आपसूक सुटतली.’’ गिअर टाकून खालचा पंखा फिरतो का ते पाहू, असे मी म्हणालो, तेव्हा लिव्हर गंजला आहे, जबरदस्ती केल्यास तुटेल, असे सांगून त्याने मला थांबवले. मी थांबलो, हे माझे चुकले.

घरी आणल्यावर डिझेल आणि तेलाचे मिश्रण दोन्ही सिलिंडरांत भरून मी तीन आठवडे ठेवले. फ्लायव्हील दिवसेंदिवस मोकळे होत गेले, पूर्ण फेरा घेऊ लागले, आणि स्वतःच्या चिकाटीवर खूश होऊन मी नवे प्लग, पाण्याच्या पंपाचे इम्पेलर आणि कार्ब्युरेटरचा किट यांवर आणखी साडेचार हजार रुपये घातले. दोरी ओढताना हाताला दाब मात्र अजिबात लागत नव्हता. शेवटी बॉलपेनची एक रिफील प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवली आणि फ्लायव्हील फिरवले. ते गरगर फिरले. रिफील केसभरही हलली नाही.

फ्लायव्हीलचा नट पान्याला जेमतेम एक झटका देताच सुटला. पिस्टन ज्या दांड्याला जोडलेले असतात त्या क्रँकच्या निमुळत्या टोकावर फ्लायव्हीलला जागेवर धरणारी छोटी चावी असते, ती काढून टाकलेली होती आणि जो भाग कोरडा ठेवूनच बसवायचा असतो, त्यावर ग्रीस चोपडलेले होते. म्हणजे आतला क्रँक जाम असतानाही फ्लायव्हील त्याच्यावर नुसते घसरत फिरत होते. चावी एक वेळ झिजून तुटू शकते, परंतु तिथे ग्रीस कोणी चुकून लावत नाही.

हेड उघडताना खाऱ्या पाण्याने अॅल्युमिनियममध्ये घट्ट बसलेले चार बोल्ट तुटले. आत वरच्या सिलिंडरला गंजाने खड्डे पडले होते आणि पाण्याच्या वाटेकडे गेलेली चीर लांबी भरून बुजवलेली होती. गिअरचे तेल चहासारखे दुधाळ निघाले, म्हणजे तिथेही पाणी शिरले होते. त्या काळच्या जॉन्सन मोटरींच्या मॉडेल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे साल दाखवतात. ब्रॅकेटवरच्या पट्टीवर ७५ होते, तर इंजिनाच्या ब्लॉकवरच्या गोल बुचावर ७१. दोन मोटरींची एक करून वरून ताजा रंग मारला होता. त्यातच ही मोटर बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० साली दिवाळखोरीत गेली असल्यामुळे खड्डे पडलेला सिलिंडर कातून मोठा केल्यावर लागणारा मोठ्या मापाचा पिस्टन परदेशातून शोधून आणावा लागतो, आणि चिरलेल्या ब्लॉकसाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही, असे लेथवाल्या मेस्त्रींनी स्पष्ट सांगितले.

विकणाऱ्याला फोन केला, तेव्हा त्याने शांतपणे पावतीची आठवण करून दिली. ‘जाम मोटर, जशी आहे तशी’ या शब्दांखाली माझी सही होती.

अशी मोटर घेण्याचा विचार असेल त्यांनी दोन्ही प्लग काढायला लावून रिफील प्रत्येक सिलिंडरात टाकून पाहावी, फ्लायव्हीलचा नट समोर उघडून घ्यावा, गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू सोडून तेल बोटावर घ्यावे, आणि यांपैकी कशालाही नकार मिळाला तर तिथूनच परतावे. माझ्या मोटरीचा खालचा भाग एका मच्छीमाराने सुट्या भागांसाठी पंधराशेला मागितला आहे. पैशांचे बोलण्याआधी मी त्याला ते दुधाळ तेल दाखवले.