ऊतींसाठी ओसीटी घ्यायचंय: ८४० नॅनोमीटर की १३१०?

ओसीटीची (ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी, म्हणजे प्रकाशाने ऊतीच्या आतले थर दाखवणारं यंत्र) कोटेशनं मागवली की पहिल्याच पानावर ए-स्कॅनचा, म्हणजे एका बिंदूखालची खोली एकदा मोजण्याचा, वेग ठळक अक्षरांत दिसतो. तो आकडा तूर्त बाजूला ठेवा. ऊतींवर काम करायचं असेल तर आधी तरंगलांबी ठरवायची. ती ठरली की निम्मं यंत्र ठरलंच म्हणून समजा. ८४०च्या आसपास जायचं तर स्पेक्ट्रल-डोमेन: ब्रॉडबँड एसएलडी (रुंद पट्ट्याचा प्रकाश देणारा डायोड), तो प्रकाश तरंगलांबीनुसार फोडणारा स्पेक्ट्रोमीटर आणि सिलिकॉनचा लाइन कॅमेरा. १३१०ला जायचं तर बहुतेक वेळा स्वेप्ट-सोर्स, म्हणजे तरंगलांबी झपाट्याने सरकवत नेणारा लेझर आणि बॅलन्स्ड डिटेक्टर. १३१०ला स्पेक्ट्रोमीटरवाली यंत्रंही मिळतात, पण त्यांना इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा कॅमेरा लागतो आणि तो सिलिकॉनच्या मानाने फार महाग पडतो.

हा प्रश्न किती मूलभूत आहे ते ओसीटीच्या पहिल्याच शोधनिबंधाने दाखवलं. १९९१ साली डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दोन ऊतींच्या प्रतिमा छापल्या: डोळ्याचा पडदा (रेटिना) आणि हृदयाची धमनी. दोन्हींसाठी प्रकाश एकच, ८३० नॅनोमीटरचा. पुढे या दोन ऊतींच्या वाटा वेगळ्या झाल्या. पडद्याची स्पेक्ट्रल यंत्रं ८४०च्या आसपास राहिली आणि धमनीत जाणारे कॅथेटर १३००कडे गेले.

कारण पाणी आणि विखुरणं. पडद्यापर्यंत जाऊन परत यायचं तर प्रकाशाला डोळ्यातलं जवळपास पाच सेंटिमीटर पाणी पार करावं लागतं. १३१०चा प्रकाश त्यातच शोषला जातो, ८४०चा सहज जातो. (पडद्यासाठी स्वेप्ट-सोर्स हवंच असेल तर १०५०-१०६०ची यंत्रं आहेत, तिथे पाण्याच्या शोषणाला थोडी फट मिळते.) त्वचा, दात, धमनी अशा दाट ऊतींत पाण्याची वाट फार तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असते. तिथे खरा अडथळा विखुरण्याचा, आणि तो १३१०ला कमी.

डेमोला आलेला इंजिनिअर सहसा स्वतःचं बोट लेन्सखाली धरतो. बघण्यासारखं असतं ते. वर स्ट्रॅटम कॉर्नियमचा, म्हणजे मृत पेशींचा, जाड थर, त्यात घामाच्या नलिका स्प्रिंगसारख्या वळत वर येताना चमकतात. इथपर्यंत ८४०ही छान दाखवतं. त्याखाली डर्मिसमध्ये (त्वचेच्या आतल्या थरात) ८४०ची प्रतिमा लवकर धुरकट होते, १३१०ला आणखी खालचं दिसत राहतं. तरी मऊ दाट ऊतीत एक ते दोन मिलिमीटरच्या खाली फारशी आशा धरू नका. दातांचं एनॅमल मात्र १३१०ला चांगलंच पारदर्शक होतं. दंतवैद्यक विभागाबरोबर काम असेल तर माझ्या मते तिथे चर्चाच संपली.

मग ८४० कशाला? बारकाव्यासाठी. खोलीच्या दिशेचं रिझोल्यूशन तरंगलांबीच्या वर्गाबरोबर बिघडतं आणि बँडविड्थ (प्रकाशातल्या तरंगलांबींचा पल्ला) वाढली की सुधारतं. ८४०ला ५० नॅनोमीटर बँडविड्थ असली तर हवेत सुमारे ६ मायक्रॉन, ऊतीत साडेचार. १३१०ला तेवढंच मिळवायला बँडविड्थ जवळपास अडीचपट लागते. झेब्राफिशचे भ्रूण, कॉर्निया, पेट्री डिशमध्ये वाढवलेल्या पातळ ऊती असं विरळ, पारदर्शक काम असेल तर ८४० घ्या आणि पैसे वाचवा. आडव्या दिशेचं रिझोल्यूशन वेगळं, ते लेन्सवर ठरतं. ब्रोशरमध्ये नुसतं '५ मायक्रॉन' लिहिलं असेल तर कुठल्या दिशेला आणि हवेत की ऊतीत, हे लेखी विचारा.

स्पेक्ट्रल-डोमेनचा खरा त्रास रोल-ऑफचा. शून्य रेषेपासून (जिथे नमुन्याच्या आणि संदर्भ आरशाच्या प्रकाशाची वाट सारखी लांब असते) दूर गेलं की संवेदनशीलता घसरते, कारण या दोन प्रकाशांच्या मिश्रणातले बारीक पट्टे, म्हणजे फ्रिंज, कॅमेऱ्याचे पिक्सेल वेगळे करू शकत नाहीत. सपाट नमुन्याला फरक पडत नाही. ओबडधोबड गाठीचा तुकडा ठेवलात तर उंचवटा लख्ख आणि खळगा मंद दिसतो, आणि विद्यार्थी त्याला ऊतीतला फरक समजून बसतो. उलट उंचवटा शून्य रेषेच्या पलीकडे गेला तर तो उलटा होऊन प्रतिमेवरच दुमडतो. स्वेप्ट-सोर्समध्ये रोल-ऑफ बराच कमी, आणि १०० किलोहर्ट्झ (सेकंदाला लाखभर ए-स्कॅन) किंवा त्याहून जास्त वेग आता नेहमीचा झाला आहे. पण रक्तप्रवाहाचा डॉप्लर (प्रवाहाचा वेग मोजणं) किंवा इलास्टोग्राफी (ऊतीचा ताठपणा मोजणं) करायची असेल तर फेज, म्हणजे प्रकाशलहरीची कला, स्थिर लागते. स्वेप्ट-सोर्सचा सरकता लेझर आणि त्याचा ट्रिगर तिथे डुगडुगतो. त्या कामाला मी स्पेक्ट्रल-डोमेनच सुचवेन.

कोणी जुनं टाइम-डोमेन यंत्र (आरसा सरकवत एकेक खोली मोजणारं) स्वस्तात देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. एके काळी दवाखान्यात चालणारी ती यंत्रं सेकंदाला ४०० ए-स्कॅन घेत. जिवंत ऊती तेवढा वेळ स्थिर राहत नाही.

ओसीटीच नको, असंही उत्तर असू शकतं. पेशींची केंद्रकं मोजायची किंवा अँटिबॉडीने रंगवलेलं प्रथिन शोधायचं तर कॉन्फोकल मायक्रोस्कोप किंवा सरळ हिस्टॉलॉजी (ऊतीचे पातळ काप रंगवून बघणं). ओसीटीला फक्त विखुरणारा प्रकाश कळतो, रेणू नाही. कॉन्फोकलचा बारकावा मायक्रॉनपर्यंत जातो, पण त्वचेत खोली दोन-तीनशे मायक्रॉनपर्यंतच. आणि धमनीची भिंत पूर्ण जाडीत हवी असेल तर आतून लावायचा अल्ट्रासाउंड बरा: रिझोल्यूशन १०० मायक्रॉनच्या घरात, पण पोच जास्त, शिवाय ओसीटीसारखं आधी रक्त बाजूला सारावं लागत नाही.

डेमो नेहमी स्वतःच्या नमुन्यावर मागा, आणि तुम्ही पुढे तो ज्या स्थितीत वापरणार त्याच स्थितीत. फॉर्मलिनमधला तुकडा आणि ताजा तुकडा प्रकाश सारखा विखुरत नाहीत. ताजा तुकडा टेबलावर सुकायला लागला की जाडी आणि चमक दोन्ही बदलतात, म्हणून पीबीएसचा (फॉस्फेट मिसळलेल्या मीठपाण्याचा) थेंब हाताशी ठेवा. जाडी मोजताना सॉफ्टवेअरमधला अपवर्तनांक तपासा: मऊ ऊतीला साधारण १.३८, एनॅमलला १.६३. तो १ वर राहिला असेल तर मोजलेला प्रत्येक थर खऱ्यापेक्षा जाड येईल.