नाव, खूण की नातं? व्हिवाडोत सेल शोधायच्या तीन वाटा

मंगळवार पेठेत जाऊन "पाटलांचं घर कुठं?" असं विचारून बघा. चार बोटं चार दिशांना जातील. "दारात काळी बुलेट असते ते पाटील" म्हटलं तर दोनच घरं उरतात. "तालमीतल्या वस्तादांचे जावई" म्हटलं की पोरगं थेट दारापर्यंत आणून सोडतं.

मावसभाऊ इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा बेसिस ३ हा एफपीजीएचा (आतलं सर्किट हवं तसं जोडता येणाऱ्या चिपचा) बोर्ड घेऊन राजारामपुरीत माझ्याकडं आला आणि नेमकं हेच विचारलं. "दादा, कन्स्ट्रेंट लावायला फ्लिपफ्लॉप कसे पकडू? नावानं, प्रॉपर्टीनं, का कनेक्शनवरनं?" (व्हिवाडो हे अशा चिपचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. त्याला वेळेचे-जागेचे नियम घालून द्यायचे ते कन्स्ट्रेंट. एक बिट लक्षात ठेवतो तो फ्लिपफ्लॉप, म्हणजेच फ्लॉप किंवा रजिस्टर. डिझाइनमधला असा प्रत्येक सुटा भाग म्हणजे सेल.) त्या बोर्डावरच्या आर्टिक्स-७ चिपमध्ये २०,८०० एलयूटी (लॉजिक करणारे छोटे तक्ते) आणि ४१,६०० फ्लिपफ्लॉप आहेत. प्रोजेक्ट त्यातला कोपराच वापरतो, तरी माउसनं एकेक टिपत बसणं शक्य नाही. टिकल, म्हणजे व्हिवाडोला कमांड द्यायची भाषा, लिहावीच लागते. जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कलीत ही भाषा केली तीही चिप डिझाइनच्या टूल्सना कमांड देता याव्यात म्हणूनच.

(पुढं 'गेट' येईल ते लॉजिक गेट नव्हे, 'आणून दे' या अर्थाचं. मराठीत दोन्ही सारखेच दिसतात, इलाज नाही.)

सगळे सुरुवात नावानं करतात. गेट_सेल्स, पुढं नावाचा तुकडा, दोन्हीकडं *. लिहायला सोपं, वाचायलाही सोपं. पण साधं गेट_सेल्स फक्त वरच्या पातळीवरचे सेल देतं. मॉड्यूलच्या (डिझाइनमधल्या उपभागाच्या) पोटातले हवे असतील तर हायरार्किकल हा पर्याय जोडावा लागतो. तो जोडला की नमुना प्रत्येक पातळीवरच्या सुट्या नावाशी ताडला जातो, त्यामुळं नमुन्यात मॉड्यूल आणि सेल जोडणारी तिरपी रेघ (/) टाकली की हाती काही लागत नाही. पूर्ण वाटेनं शोधायचं तर फिल्टरमध्ये नेम प्रॉपर्टी द्यायची. दुसरी ठेच चौकटी कंसाची. टिकलमध्ये तो कंस म्हणजे 'आतली कमांड चालव', म्हणून काउंट_रेग[३] हे नाव महिरपी कंसात गुंडाळावं लागतं.

नावाचा खरा धोका मात्र वेगळा आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. बटणांच्या सिंक्रोनायझरवर (बाहेरचा सिग्नल क्लॉकशी जुळवून घेणाऱ्या फ्लॉपच्या साखळीवर) फॉल्स पाथ, म्हणजे 'या वाटेची वेळ तपासू नको' हा कन्स्ट्रेंट, लावायचा म्हणून मी *सिंक* असा नमुना दिला. त्याच डिझाइनमध्ये मॉनिटरसाठी व्हीजीए होतं. एचसिंक आणि व्हीसिंकचे काउंटर त्याच जाळ्यात आले आणि त्यांच्याकडं जाणारे पाथ टायमिंगच्या हिशोबातून गुपचूप बाहेर पडले. रिपोर्ट स्वच्छ, मॉनिटरवरचं चित्र थरथरतंय! दोन संध्याकाळी केबल बदलण्यात घालवल्या.

तेव्हापासून सिंक्रोनायझरसाठी माझं मत प्रॉपर्टीला. व्हेरिलॉगमध्येच, म्हणजे सर्किट ज्या भाषेत लिहितो तिथंच, त्या फ्लॉपवर असिंक_रेग ही खूण करायची आणि टिकलमध्ये फिल्टर लावून तेवढेच उचलायचे. मॉड्यूलचं नाव बदला, दुसऱ्या डिझाइनमध्ये न्या, खूण सोबत जाते. शिवाय तिच्यामुळं टूल ते फ्लॉप ऑप्टिमाइझ करून उडवत नाही आणि साखळीतले फ्लॉप जवळजवळ बसवतं. उणीव एकच. खूण साखळीतल्या सगळ्या फ्लॉपवर असते, फॉल्स पाथ हवा फक्त पहिल्याकडं जाणारा. त्यामुळं पहिल्याच्या नावात 'मेटा' ठेवून फिल्टरमध्ये खूण आणि नाव दोन्ही अटी घालायच्या. नुसता रेफ_नेम, म्हणजे सेलचा प्रकार, मोजदादीला ठीक. कन्स्ट्रेंटसाठी तो फार ढोबळ पडतो.

नात्यानं शोधणं म्हणजे ऑफ_ऑब्जेक्ट्स. सेलवरून पिन, पिनवरून नेट (जोडणारी तार), नेटवरून पुन्हा पिन. सेल चिपवर कुठल्या साइटवर बसलाय तेही असंच कळतं. सिंथेसिसनंतर, म्हणजे टूलनं व्हेरिलॉगचं सर्किट केल्यावर, नेटची आणि एलयूटीची नावं ओळखू येत नाहीत इतकी बदलतात. रजिस्टर मात्र बहुधा '_रेग' शेपटी लावून टिकतात आणि पोर्ट (डिझाइनच्या बाहेर जाणारी टोकं) तर तसेच राहतात. म्हणून पोर्ट किंवा रजिस्टर धरायचं आणि तिथून नात्यानं आत शिरायचं. नेटवरून पिन मागताना लीफ पर्याय द्या, नाहीतर मॉड्यूलच्या उंबऱ्यावरची पिन मिळते, आतल्या खऱ्या सेलची नाही. वाट लांब असेल तर ओळ वाचता येत नाही. दोन-तीन सेट करून (मधली उत्तरं व्हेरिएबलमध्ये ठेवून) तुकडे पाडा. फोरीच (यादीतल्या एकेकावर फिरणारी कमांड) मात्र एक्सडीसी या कन्स्ट्रेंटच्या फाइलमध्ये चालत नाही, त्यासाठी वेगळी टिकल फाइल ठेवायची.

माउसला अगदीच मोडीत काढू नका. कंट्रोल-एफ दाबून शोधलं की खाली कन्सोलमध्ये तीच कमांड उमटते. सुरुवातीचा महिनाभर याच्याइतका चांगला मास्तर नाही.

पुण्या-बंगळुरूला एएसिकच्या (एकाच कामासाठी घडवलेल्या चिपच्या) नोकरीची इच्छा असेल तर आणखी एक फरक. सिनॉप्सिस या कंपनीच्या टूल्समध्ये गेट_सेल्स यादी देत नाही, कलेक्शन देतं. साधं फोरीच तिथं फसतं, फोरीच_इन_कलेक्शन लागतं, आणि मोजायला एललेंथऐवजी साइझऑफ_कलेक्शन. शोधायची रीत मात्र तीच.

भावाला एवढं सांगितलं आणि कन्स्ट्रेंट लावण्याआधी नुसती मोजणी करायला लावली. दोन बटणं, तीन-तीन फ्लॉपची साखळी, म्हणजे सहा यायला हवेत. सहा आलेच नाहीत. त्यानं असिंक_रेग लिहिलंच नव्हतं आणि रीसेटही नव्हता, त्यामुळं टूलनं साखळीला शिफ्ट रजिस्टर समजून एसआरएलमध्ये (एलयूटीतच मावणाऱ्या शिफ्ट रजिस्टरमध्ये) कोंबलं होतं. खूण लिहून पुन्हा सिंथेसिस लावलं आणि चहा टाकला. परत येऊन बघतो तर सहा.