‘द स्टँड’ : पाच महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

नोव्हेंबरात सुरू केलेली स्टीफन किंगची ‘द स्टँड’ एप्रिलात संपली. सुमारे 48 तासांचं इंग्रजी ध्वनिपुस्तक, वाचन ग्रोव्हर गार्डनर यांचं. मी वीजपुरवठ्याच्या कामात आहे, सबस्टेशनला शिफ्ट असते. ड्यूटीवर कानात काही घालून चालत नाही, त्यामुळे परतीच्या बसमधली चाळीस मिनिटं तेवढी या पुस्तकाची. मध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात याची जाडजूड छापील प्रतही मिळाली. आवडलेला भाग रात्री घरी त्यात शोधून पुन्हा वाचायचो.

आधी आवृत्तीबद्दल, कारण इथे चूक झाली तर अर्धी गोष्ट हातातून जाते. ही कादंबरी 1978 मध्ये आली तेव्हा प्रकाशकाच्या सांगण्यावरून जवळपास 400 पानं कापलेली होती. 1990 मध्ये ती पानं परत घालून मोठी आवृत्ती निघाली, अकराशेहून जास्त पानांची. त्यात कथेचा काळही पुढे आणून जून 1990 केला आहे. मी ऐकली ती हीच. लहान आवृत्ती सुटसुटीत आहे असं म्हणणारे वाचक आहेत, पण मला या पुस्तकात जे मोलाचं वाटलं त्यातलं बरंचसं त्या परत आलेल्या पानांत आहे.

गोष्ट अशी. अमेरिकन लष्कराच्या एका गुप्त प्रयोगशाळेतून फ्लूचा विषाणू सुटतो. पहाऱ्यावरचा एक माणूस फाटक बंद व्हायच्या आत बायको-मुलीला गाडीत घालून पळतो आणि टेक्सासमधल्या आर्नेट नावाच्या गावात पेट्रोल पंपावर येऊन आदळतो. पंपावर गप्पा मारत बसलेल्यांपैकी एकच माणूस पुढे जगतो, स्टू रेडमन. शरीराने प्रतिकार उभा केला की हा विषाणू रूप बदलतो, म्हणून ज्याला लागण झाली तो वाचत नाही. शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त माणसं जातात, आणि तीही तीनेक आठवड्यांत.

8वं प्रकरण मी तीनदा ऐकलं. त्यात भूत नाही, रक्त नाही. हायवेवरचा पोलीस एका विमा एजंटला वेगात गाडी चालवल्याबद्दल थांबवतो. एजंट वाटेत जेवायला थांबतो. तिथून वेट्रेस, तिथून सहलीला निघालेलं कुटुंब, तिथून पुढे. कोणी कोणाला किती वेळ भेटलं आणि पुढे कुठे गेलं, एवढंच साध्या आवाजात सांगितलंय. गार्डनर यांचा आवाज तर बातम्या वाचल्यासारखा सपाट, आणि त्यामुळेच अंगावर येतो. 2020 मध्ये आपण सगळ्यांनीच अशी साखळी मनात मांडून पाहिली आहे: दूधवाला, लिफ्टचं बटण, लग्नाला आलेले पाहुणे. किंगने ती बेचाळीस वर्षं आधी मांडली होती.

या तापाला पुस्तकात लोकांनी ठेवलेली नावं आहेत. एक ‘कॅप्टन ट्रिप्स’, दुसरं ‘ट्यूब नेक’, कारण मान सुजून नळीसारखी होते. दुसरं नाव ऐकलं आणि मी बस थांब्यावर जागीच उभा राहिलो. आमच्या घरात 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची, घरात पाणी द्यायला कोणी उभं उरलं नव्हतं ते. रोग तोच, फ्लू, आणि दोन्हीकडे लोकांनी नाव दिलं ते मानेवरून. डॉक्टरांनी दिलेलं नाव कागदावर राहतं. शेजाऱ्याला मरताना पाहणारा माणूस, जे दिसलं त्यालाच नाव देतो.

पहिले पंधरा-सोळा तास म्हणजे साथ आणि त्यातून उरलेली माणसं. माझ्या मते हा कादंबरीचा सर्वांत बळकट भाग. मेन राज्यातल्या ओगनक्विट गावची फ्रॅनी स्वतःच्या वडिलांना घरामागच्या बागेत पुरते. त्यांनी हाताने वाढवलेल्या भाज्यांच्या शेजारी. ती एकटी, गरोदर, आणि मृतदेह जिन्यावरून खाली कसा आणायचा हा प्रश्न. किंग तो प्रश्न टाळत नाही. वजन, चादर, जिना, ऊन, सगळं सांगतो.

मला इथे चार दिवस पुढे जाता आलं नाही. एप्रिल 2021 मध्ये एका रात्री आमच्या भागातल्या विद्युतदाहिनीचा पुरवठा गेला म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. केबलचा जोड जळाला होता, दोन तासांचं काम. बाहेर रुग्णवाहिका रांगेत उभ्या. एक मुलगा, विशीचा असेल, दर दहा मिनिटांनी येऊन विचारायचा, “दादा, अजून किती वेळ?” त्याला वडिलांना खांदाही देता आला नव्हता. त्या रात्रीबद्दल मी घरी कधी नीट बोललो नाही. फ्रॅनीचा खड्डा खणून झाला तेव्हा बसमध्ये मी तोंड खिडकीकडे फिरवलं.

न्यूयॉर्कमधून पायी निघालेला गायक लॅरी आणि त्याच्यासोबतची रिटा यांचा भागही तसाच. रिटाच्या पायात चालायला निरुपयोगी सँडल असतात. पाय सोलून निघतात आणि लॅरी तिच्यावर ओरडतो. जग संपल्यावर पहिलं भांडण चपलांवरून होतं, हे मला फार खरं वाटलं. मग लिंकन टनेल. दिवे गेलेला बोगदा, खच्चून अडकलेल्या गाड्या, गाड्यांत मेलेली माणसं, आणि हातात एक लायटर. हा भाग ऐकताना आमची शेवटची बस होती, आतले दिवे बंद. मी ऐकणं थांबवलं आणि उरलेला बोगदा दुसऱ्या दिवशी उजेडात संपवला. तुम्हीही तसंच करा.

38व्या प्रकरणाबद्दल मात्र थोडं जास्त सांगायला हवं. फ्लूतून वाचलेले लोक नंतर फ्लूविना कसे मेले, याची ती यादी आहे. घरातलं कोणी उरलं नाही असा पाच वर्षांचा मुलगा जुन्या विहिरीत पडतो. एकाच्या पायात गंजका खिळा जातो, पाय सडतो, तो स्वतःच पाय कापायला बसतो. शीतकोठीचं दार मागे बंद होऊन एक तरुण आई आतच अडकते. ही मरणं विषाणूच्या हिशेबात कुठेच धरली जात नाहीत. वेळेवर मिळालेलं एक अँटिबायोटिक, दोरी टाकणारा एक शेजारी, बाहेरून दार उघडणारं एक माणूस, एवढ्यावर ती टळली असती. साथीवरच्या इतर कथांमध्ये वाचलेला नायक थेट बंदूक उचलतो. इथे वाचलेल्या माणसाला खिळा मारतो. पुढे प्रवासात एकाचं अपेंडिक्स फुटायला येतं, डॉक्टर कोणीच नाही, पुस्तकात पाहून पोट उघडायचा प्रयत्न होतो, आणि जे व्हायचं ते होतं. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात लोक जमतात तिथेही सुरुवातीला डॉक्टर म्हणून हाती लागतो तो जनावरांचा डॉक्टर.

निक आणि टॉम यांची जोडी मला सर्वांत जवळची. निकला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, तो कागदावर लिहून बोलतो. आणि ओस पडलेल्या गावात त्याला जे पहिलं जिवंत माणूस भेटतं, त्या टॉमला वाचता येत नाही. दोघं समोरासमोर उभे, एकमेकांसाठी जीव टाकायला तयार, आणि मध्ये एक अक्षर नाही. निकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो ओठ वाचतो, म्हणजे दिवा गेला की त्याचं ऐकणंही गेलं. अंधारात त्याच्यावर हल्ला होतो तो प्रसंग माझ्यासारख्या, उजेड पुरवण्याचं काम करणाऱ्या माणसाला फार लागला.

आता ज्या भागासाठी मी हे लिहायला बसलो तो भाग. बोल्डरमध्ये लोक पुन्हा वीज चालू करायला निघतात. सामान्य वाचकाला कदाचित हा कंटाळवाणा वाटेल. वीजकेंद्रातल्या यंत्रांची जळालेली वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची वेटोळी, पुन्हा भरायची, आणि दुसरी अडचण मोठी: माणसं मेली तेव्हा घराघरांत दिवे, पंखे, शेगड्या चालूच राहिल्या होत्या. वीज सोडली की रिकाम्या शहराचा सगळा लोड एकदम अंगावर येणार. म्हणून एक तुकडी घरोघर जाऊन बटणं बंद करत फिरते. हे वाचून मी अक्षरशः टाळी वाजवली. आपल्याकडे शेतीपंपांना ऑटो स्विच लावलेले असतात. थ्री फेज आली की शिवारातले सगळे पंप एका क्षणी सुरू होतात आणि डीपी जळते. मग रात्रीतून ट्रान्सफॉर्मर बदलायला माणसं धावतात. ऑटो स्विच काढा म्हणून आम्ही किती वर्षं सांगतोय. किंग काही विजेचा माणूस नाही, पण त्याने कोणाला तरी नीट विचारून लिहिलंय हे दिसतं. आणि त्या तुकडीतल्या माणसांना प्रत्येक घरात बटणाबरोबर आणखी काय सापडत असेल, तो विचार डोक्यातून जात नाही.

प्रेतं उचलणाऱ्या गटाचं वर्णनही असंच. हॅरॉल्ड नावाचा, मनात विष साठवलेला तरुण त्या गटात मनापासून राबतो. सोबतचे लोक त्याला प्रेमाने ‘हॉक’ म्हणू लागतात. काही पानं असं वाटतं की हा मुलगा सुधारेल. ती पानं मी जपून ऐकली. पुढचं सांगत नाही.

खटकलं तेही सांगतो. वाचलेल्यांना स्वप्नं पडू लागतात, एकीकडे नेब्रास्कातली 108 वर्षांची अबिगेल आजी, दुसरीकडे लास वेगासमध्ये माणसं गोळा करणारा फ्लॅग. इथून पुस्तक साथीचं राहत नाही, देव आणि सैतानाचं होतं. फ्लॅग पहिल्यांदा रस्त्याने चालत येतो ते प्रकरण भीतिदायक आहे. पण तो जितका जास्त दिसतो तितकी भीती ओसरते. अबिगेल आजी ही गोऱ्यांना वाट दाखवणारी पवित्र काळी म्हातारी एवढीच उरते, तिला स्वतःचा राग, स्वतःची हाव फार थोडी दिली आहे. फ्रॅनीचंही तेच: बाप पुरणारी ही बाई बोल्डरला पोचल्यावर बहुतेक वेळ रडताना दिसते. समितीच्या सभा लांबतात, सुमारे पाच तास मला ओढत न्यावे लागले. आणि शेवट. माणसांनी इतक्या कष्टाने उभं केल्यावर निर्णय वरून कोणीतरी दिल्यासारखा वाटतो. मला तो पटला नाही, आजही पटत नाही.

ऐकण्याच्या सोयीबद्दल: गार्डनर यांचे उच्चार स्वच्छ आहेत, इंग्रजी ऐकायची थोडी सवय असेल तर जमतं. पात्रं खूप, त्यामुळे पहिल्या दहा तासांत एका कागदावर नाव आणि गाव लिहून ठेवलं, त्याचा फार उपयोग झाला. आगलाव्या ट्रॅशकॅन मॅनचे भाग मी वेग कमी करून ऐकले, तो तुटक बोलतो आणि विचारही तसेच करतो. ज्यांच्या घरातलं माणूस कोविडमध्ये गेलंय त्यांनी पहिला भाग घाईने सुरू करू नये. मला चार वर्षं लागली, आणि तरीही मध्ये थांबावं लागलं.

आमच्या एका वायरमनला मी चहाच्या टपरीवर बोल्डरच्या विजेचा भाग सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, “साहेब, पण लाइनवर चढताना त्यांना परमिट कोण देत होतं?” आम्ही खांबावर चढतो ते पलीकडे कोणीतरी फीडर, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी लाइन, बंद करून होकार दिला म्हणून. मग त्याला सुरुवातीपासून ऐकायची होती. इंग्रजी त्याला जमत नाही, म्हणून आता रोज चहाला मी त्याला पुढची गोष्ट मराठीत सांगतो. काल लॅरीला बोगद्याच्या तोंडाशी आणून सोडलंय.