ब्रॉयलर की गावरान? कोंबडीच्या बाजूने पाहिलं तर

ज्यांनी तुळशीची माळ घालून मांस सोडलं त्यांचा प्रश्न मिटला. आखाडात रस्सा हवाच, पण जिवाचे हाल मनाला टोचतात, अशांसाठी हे लिहितोय. आमच्या घरी कैक वर्षं दर रविवारी ब्रॉयलर शिजायची. आता महिन्यातून एकदा गावरान.

ब्रॉयलरवर उगाच आळ नको. ‘इंजेक्शन देऊन फुगवतात’ हे खरं नाही. निवडून निवडून घडवलेली ती जात आहे. मका आणि सोयाबीनच्या पेंडीवर पाच-सहा आठवड्यांत दोन किलो भरते. लातूरच्या आडतीवर आपण घालतो त्या सोयाबीनचीच पेंड पुढं कोंबड्यांच्या खाद्यात जाते. लेकरांच्या ताटात स्वस्तात चिकन पडतं ते हिच्यामुळंच, हे नाकारून चालणार नाही.

मला नडले ते तिचे पाय. सुपासाठी पाय वेगळे आणायचो. जवळपास प्रत्येक पायाच्या सांध्यावर काळपट डाग. घाण समजून घासले, निघेनात. शेड असलेल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, वजन झपाट्यानं वाढतं, पायांना ते पेलवत नाही, म्हणून पक्षी बसूनच राहतो. खालचं तूस विष्ठेनं ओलं झालं की त्यातला अमोनिया कातडी भाजतो. म्हणजे ते भाजल्याचे डाग होते. त्यानंतर दुकानातल्या पिंजऱ्याकडं बघवेना. कोंबडीला घाम येत नाही. मे महिन्यात चोच उघडी टाकून नुसती धापत असते, छातीची पिसं झडून कातडी लाल. आणि सुरी हातभर अंतरावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कत्तलखान्यांसाठीच्या 2001 च्या नियमांत एका जनावरासमोर दुसरं कापू नये असं लिहिलंय. आपल्या चौकातल्या दुकानात ते कुठं दिसतं?

गावरानचंही सगळं गोड नाही. मानमोडीचा रोग आला की खुराडं रिकामं होतं, मुंगूस टपलेलं असतं, आणि आठवडी बाजारात पाय बांधून उलटं टांगतात ते ह्याच कोंबड्यांना. गावरान म्हणून गिरिराज किंवा वनराज ह्या सुधारित जातीही खपवतात. पण त्याही अंगणात चालतात-फिरतात, म्हणून मला त्याचा राग नाही. खरी गावरान उकिरडा उकरते, धुळीत लोळते, दिवस मावळला की आपली आपण खुराड्यात शिरते, खुडूक झाली की एकवीस दिवस अंड्यांवरून फारशी हलत नाही. मरण दोघींनाही आहे. जगणं मात्र मला एकीच्याच वाट्याला आलेलं दिसतं.

गावरानचं मांस चिवट, शिजायला दीड-दोन तास. सुरुवातीला लेकरं कुरकुरली. भाव दुपटीच्या वर, पण महिन्याचा खर्च आमचा तरी वाढला नाही; बाकीच्या रविवारी येसरची आमटी आणि भाकरी असते. (कंदुरीला, म्हणजे नवसाच्या जेवणाला, बोकडच बरा. एका उस्मानाबादी बोकडाइतक्या मटणाला आठ-दहा ब्रॉयलरचे जीव जातील, आणि तो बाभळीच्या शेंगा खात रानात हिंडलेला असतो.)

तुमची ऐपत, तुमचं घर, तुम्हीच ठरवा. गावरान घ्यायची झाली तर बाजारातून नको, ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. पहाटे अंधारात जा. त्या वेळी ती खुराड्यात गप्प बसलेली असते, मागं पळावं लागत नाही. दोन्ही हातांनी उचलून डालग्यात ठेवली की घरापर्यंत ओरडतही नाही.