गिअरच्या दांड्यावर अर्धा किलो : सोळा महिन्यांनंतर

अ‍ॅरिझोनातल्या डोंगरावरच्या पेसनहून बीलाइन हायवेने खाली येताना तिसऱ्यातून चौथ्यात टाकला आणि गिअरची मूठ हातात आली. दांडा चौथ्यात, मूठ माझ्या हातात, गाडी साठ मैलांवर. शेजारी बसलेल्या बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली, मांडीवर ठेवली, आणि थोडा वेळ विचार करून म्हणाली, "जड आहे रे."

त्याच जडपणाचे मी १२० डॉलर मोजले होते.

ही गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. आज लिहायला बसलो कारण काल विक्रेत्याची मेल आली, 'आमच्या उत्पादनाचा अनुभव कळवा'. कळवतो.

गाडी माझदा एमएक्स-५, २०१९ची, सहा गिअर, कापडी टप. गाडीबद्दल लिहीत नाही. ज्याला मूठ बदलायची खाज सुटते त्याला गाडी पाठच असते. मूठ म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा भरीव गोळा, वर कोरलेला गिअरचा नकाशा, आत एम-१० × १.२५चे आटे (दांडा १० मिलिमीटर जाड, दोन आट्यांत अंतर १.२५). जाहिरातीत वजन ५०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४८७ भरलं. विक्रेत्यावर खार खाऊन असलो तरी इथे तो खोटारडा नाही. एवढ्या व्यासाच्या गोळ्याचं घनफळ ६५ घन सेंटिमीटर, स्टीलची घनता आठाच्या आसपास, म्हणजे ५२० ग्रॅम. त्यातून आट्यांचं भोक आणि बुडाचा सपाट भाग वजा करा. हाच गोळा अ‍ॅल्युमिनियमचा असता तर पावणेदोनशे ग्रॅमच्या आत राहिला असता आणि डेलरिनचा, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकचा, नव्वदच्या आसपास. हा हिशोब मी खरेदीनंतर केला. आधी केला असता तर पुढचं रामायण घडलं नसतं.

पहिले दोन महिने मी खूश होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. जानेवारीत फिनिक्सजवळच्या आमच्या चँडलरमध्येही सकाळी स्वेटर लागतो, आणि थंड तेलातला कुठलाही गिअरबॉक्स पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जरा नाक मुरडतो. सिंक्रोनायझरच्या रिंगला गिअर आणि शाफ्ट या दोन्हींचे वेग जुळवायला क्षणभर जास्त लागतो, आणि तो क्षण हाताला अडथळ्यासारखा जाणवतो. जड मुठीने तो अडथळा पुसूनच टाकला. जातं फिरवताना पहिला फेरा अंगावर येतो आणि मग खुंटा आपला आपण पुढे जातो, तसं. दांड्याच्या टोकाला वजन असलं की हलवायला किंचित जास्त जोर लागतो, पण एकदा हललं की ते स्वतःच खाचेत जाऊन पडतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात तर नुसती दोन बोटं पुरायची. ऑफिसातल्या चार जणांना गाडीत बसवून मी हे दाखवलं. त्यातल्या दोघांच्या गाड्या ऑटोमॅटिक होत्या, त्यांनी नम्रपणे मान हलवली.

आता त्या नकाशाकडे येतो. हाच भाग वगळून पुढे जा असं बायकोचं म्हणणं आहे.

मूठ घट्ट बसली की वरचा नकाशा सरळ यायला हवा. माझा चाळीस अंश फिरलेला. पहिला आणि दुसरा गिअर ज्या रेषेवर आहेत ती रेषा थेट पॅसेंजरच्या आरशाकडे बोट दाखवते. दांड्याचं टोक भोकाच्या तळाला टेकलं की मूठ थांबते, आणि ती कुठल्या कोनात थांबेल हे आटे कुठून सुरू झालेत त्यावर ठरतं. म्हणजे हा नशिबाचा खेळ. विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे, गिअर बदलण्यावर परिणाम होत नाही.' अरे बाबा, मला माहीत आहे पहिला गिअर कुठे आहे! पण रोज सकाळी गाडीत बसल्यावर पहिली नजर तिथे जाते आणि भिंतीवरची वाकडी तसबीर बघितल्यासारखं होतं. परत घ्या म्हटलं, तर 'एकदा दांड्यावर चढवलेला माल परत घेत नाही.' दांड्यावर चढवल्याशिवाय तो वाकडा बसतो हे कळणार कसं, या प्रश्नाला उत्तर नाही.

मग मी गणित मांडलं. आट्यांची पिच १.२५ मिलिमीटर, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात मूठ तेवढी खाली जाते. चाळीस अंश म्हणजे त्याचा नववा भाग, ०.१४ मिलिमीटर. एवढ्या जाडीची चकती भोकाच्या तळाशी टाकली की मूठ चाळीस अंश आधी थांबणार आणि नकाशा सरळ. सोड्याच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. एक चकती कापून टाकली, २९ अंश सुधारणा, अकरा बाकी. दोन टाकल्या तर दुसऱ्या बाजूला अठरा अंश वाकडा. मग पोळ्या गुंडाळायची फॉइल आठवली. तिचा एक पदर साडेचार अंशांचा. कॅनची एक चकती आणि फॉइलचे दोन पदर! रात्री साडेअकराला गॅरेजमध्ये नकाशा जवळपास सरळ झाला आणि मी एकटाच हसलो.

फॉइल मऊ असते, दाबाने बसते. दहा दिवसांत पदर चेपले, मूठ सैल पडली, आणि बीलाइनवर काय झालं ते वर लिहिलं आहेच.

त्यावर विक्रेत्याने चेकनट सुचवला, अर्थात वेगळे पैसे घेऊन. आधी नट दांड्यावर चढवायचा, त्यावर मूठ हव्या त्या कोनात आणून नट खालून आवळायचा. हा उपाय शंभर टक्के बरोबर आहे आणि तो पहिल्या दिवसापासून डबीत असायला हवा होता. पण त्याने मूठ आठेक मिलिमीटर वर गेली, आणि दांड्याभोवती जो चामड्याचा बूट (आवरण) असतो त्याच्या वर दांड्याचा उघडा गळा दिसायला लागला. नकाशा सरळ, गळा उघडा. शिवाय दांडा लांब झाला की हाताचा प्रवासही त्याच प्रमाणात वाढतो. आठ मिलिमीटरने फार फरक पडत नाही, पण छोट्या हालचालीसाठी पैसे मोजणाऱ्याला तेही टोचतं.

इथपर्यंत लिहिलं असतं तर पाचपैकी साडेतीन दिले असते. मग जून आला.

फिनिक्सच्या आसपास राहणाऱ्यांना उन्हाळ्याबद्दल काय सांगायचं? २०२३मध्ये इथे सलग ३१ दिवस पाऱ्याने किमान ११० फॅरेनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, गाठले होते. अशा दिवशी पार्किंगमध्ये चार तास उभ्या राहिलेल्या गाडीतला स्टीलचा गोळा हा तवा असतो. तव्यावर धरायचं आमचं इन्फ्रारेड थर्मामीटर गोळ्यावर धरलं, आकडा ६२ सेल्सिअस (चकचकीत स्टीलवर ही यंत्रं कमीच दाखवतात, म्हणजे खरा आकडा याच्या वरचाच). बाजूचं स्टिअरिंगही तापलेलं असतं, पण त्याला हात लावता येतो. तापमान सारखं असलं तरी स्टील ते हाताला कितीतरी पटीने लवकर पोचवतं. डेलरिनसारख्या प्लॅस्टिकच्या तुलनेत स्टीलची उष्णतावाहकता पन्नासेक पट आहे. अ‍ॅल्युमिनियमची तर स्टीलच्याही दसपट. पण अ‍ॅल्युमिनियमची मूठ हलकी असल्यामुळे एसीने लवकर निवते. माझा अर्धा किलो मात्र उष्णता धरून बसतो. ज्या वजनासाठी घेतला त्याच वजनामुळे पुढची वीस मिनिटं भाजतो.

उपाय म्हणून मुलीचा मोजा चढवला. गुलाबी, वर ससा. सहा गिअरची, ७५०० आरपीएमपर्यंत फिरणारी, दोनच माणसांची गाडी आणि तिच्या दांड्यावर सशाचा मोजा. शिवाय मोजा घातल्यावर नकाशा दिसत नाही. म्हणजे मार्चभर ज्याच्यासाठी रात्री जागवल्या तो जून ते सप्टेंबर झाकलेलाच.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती कबूल करायला मला महिना लागला. सर्व्हिसच्या जुन्या पावत्या चाळताना दिसलं की ज्या आठवड्यात मूठ बसवली त्याच आठवड्यात गिअरबॉक्सचं तेलही बदललं होतं. म्हणजे तो लोण्यासारखा दुसरा गिअर कुणाचा, गोळ्याचा की तेलाचा? दुसऱ्या रविवारी मूळ मूठ डिकीत टाकून पेसनला गेलो. वर जाताना स्टीलचा गोळा, पेट्रोल पंपावर अदलाबदल, खाली येताना कंपनीची मूठ. (पंपावरचा एक म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने विचारलं, मदत हवी का.)

निकाल असा. फरक आहे, पण मी सांगत फिरलो त्याच्या निम्मा. सावकाश बदलताना जड मूठ सुखावते. घाटात पटापट खाली उतरवताना मात्र तीच हात ओढून धरते, आणि मुख्य म्हणजे हलक्या मुठीतून सिंक्रोनायझर पकडतोय, आता सोडतोय, हे जे बोटांना कळतं ते गोळ्याखाली दबून जातं. गाडी काय सांगतेय ते ऐकू येऊ नये म्हणून मी १२० डॉलर दिले होते. सकाळचा तो दुसरा गिअर तर बहुतेक तेलाचाच होता.

होंडाने २०२०च्या सिव्हिक टाइप आरमध्ये गोल मूठ काढून थेंबाच्या आकाराची दिली आणि आत वजन घातलं, ते किती, तर ९० ग्रॅम. कारखान्यातल्या लोकांनी ठरवलेला आकडा ९०, आणि माझ्यासारख्याला वाटतं अर्धा किलो बरा. वाण्याच्या तराजूतलं माप उचलून दांड्यावर ठेवलं असतं तरी चाललं असतं.

डिसेंबरमध्ये पुण्याला गेलो तेव्हा गोळा बॅगेत नेला. मित्राचं भोसरी एमआयडीसीत लेथचं काम आहे. तिथल्या टर्नरकाकांनी गोळा हातात घेऊन फिरवला, आट्यांवर नख फिरवलं आणि विचारलं, "केवढ्याला?" मी रुपयांत सांगितलं. ते काही बोलले नाहीत. गोळा टेबलावर ठेवला, तो गडगडत गेला, तो त्यांनी पडू दिला.

मला जे हवं होतं ते त्यांना दहा मिनिटांत समजलं. बाहेर काळं डेलरिन, ४८ मिलिमीटरचं, म्हणजे भाजणार नाही. आत पितळेचा २५ मिलिमीटरचा बुश दाबून बसवलेला, वजनासाठी. आटे पितळेत, ते पाडायचा १.२५चा टॅप त्यांच्याकडे होताच. बूड असं टर्न केलं की बुटाच्या कॉलरवर बसावं आणि गळा झाकावा. वजन भरलं १८८ ग्रॅम. आणि नकाशा? मी फोनवर चित्र दाखवलं, कोरून मिळेल का विचारलं. काका म्हणाले, "गिअर कुठे कुठे आहेत ते तुम्हाला माहीत नाही का?"

अमेरिकेत मॅन्युअल गाडीचा नकाशा ड्रायव्हरला दिसेल असा लावण्याचा नियम आहे, हे मी त्यांना सांगितलं. मग वाटेत रेडियमवाल्याकडून पांढऱ्या अक्षरांत तोच नकाशा कापून घेतला. रेडियमचा स्टिकर कुठल्याही कोनात चिकटवता येतो. मूठ बसवायची, घट्ट करायची, आणि मग सरळ धरून स्टिकर लावायचा. एवढी साधी गोष्ट, आणि मी वर्षभर कॅन कापत होतो.

मूठ आणि स्टिकर मिळून हजार रुपयांच्या आत. माझ्या मामाच्या ट्रकला पारदर्शक प्लॅस्टिकची मूठ होती, आत लाल फूल. लहानपणी मला वाटायचं ते फूल खरं आहे आणि मामा त्याला रोज पाणी घालतो. काकांना म्हटलं तसं काही करता येईल का, तर म्हणाले, ते नाना पेठेत तयार मिळतं, पण त्याचे आटे तुमच्या गाडीला लागणार नाहीत. एवढं मनाला लागलं.

नवी मूठ जानेवारीपासून दांड्यावर आहे. मेमध्ये पारा शंभर फॅरेनहाइटच्या वर गेलाय, अजून मोजा लागलेला नाही. दुसऱ्या गिअरची ती सकाळची कुरबूर हाताला कळते, पण अडवत नाही, आणि आता ती मला हवीशी वाटते. तक्रार एकच, डेलरिनवर घामाचा हात जरा सटकतो. काकांना पुढच्या खेपेला बाजूने बारीक नर्लिंग (पकडीसाठी खरबरीत रेघा) मारायला सांगणार आहे.

घ्यायचीच असेल तर आधी आट्यांचं माप बघा: माझदाचे एम-१० × १.२५, होंडाचे एम-१० × १.५, टोयोटा-सुबारूच्या जीआर ८६ आणि बीआरझेडला एम-१२. त्या दोघींना रिव्हर्ससाठी दांड्यावरची रिंग उचलावी लागते, त्या रिंगला जागा न ठेवणारी मूठ घेतलीत तर घरी परत पुढे तोंड करूनच यावं लागेल. माझ्या गाडीत दांडा खाली दाबून रिव्हर्स लागतो, म्हणून मी वाचलो. आणि विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारा, चेकनट डबीत आहे का. 'वेगळा घ्यावा लागेल' असं उत्तर आलं तर समजा, नकाशा वाकडा बसणार हे त्यालाही माहीत आहे.

स्टीलचा गोळा विकायला काढला होता. चाळीस डॉलरला मागणी आली, पण तोवर बायकोने तो ओट्यावर नेला होता. चहाचं आलं त्याने एका फटक्यात ठेचलं जातं म्हणे. नकाशाची बाजू वर ठेवून मारते.