पंच करायचं की परिच्छेद पुन्हा वाचायचा?

ऑडिओबुक वाचताना झालेली चूक एका शब्दाची असेल आणि तुम्ही अजून माइकसमोरच बसलेले असाल, तर पंच करा, म्हणजे चुकीच्या थोडं आधीपासून लगेच पुन्हा रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी एडिटिंगमध्ये सापडली, तर निदान तो परिच्छेद नव्याने वाचा. मुंबईत घरच्या घरी ऑडिओबुक करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन.

पंच करताना आधीची तीन-चार सेकंदं हेडफोनवर ऐकत त्याच ओघात वाचत यायचं आणि ठरलेल्या जागी रेकॉर्डिंग सुरू होतं. वेळ वाचतो, सूर तुटत नाही. फक्त नुसता शब्द बदलायला जाऊ नका. ‘सकाळी उठून त्याने गुरांना चारा घातला’ यातल्या ‘चारा’ला ‘चार’मधला च लागला, तर श्वासाच्या जागेपासून, म्हणजे ‘त्याने’पासून घ्या. एकटा ‘चारा’ हमखास ठासून उच्चारला जातो आणि ठिगळ कळतं. छोट्या क्रॉसफेडने, म्हणजे जुना आवाज विरत असताना नवा चढवला की, जोडावरची टिकटिक जाते, पट्टी मात्र जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी खरी अडचण हीच. सकाळी आवाज खालच्या पट्टीत असतो. माइकपासूनचं अंतर वीतभराचं अर्धी वीत झालं की पातळी सुमारे 6 डेसिबलने वाढते आणि कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या माइकवर खर्जही फुगतो. शिवाय मागचा आवाज. काल खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, आज उघडीप आहे. दादरला रुळांलगत राहणाऱ्यांना तर लोकलचाही हिशेब ठेवावा लागतो. वाक्याच्या मध्येच पाऊस थांबला की कान तिथेच अडकतो. बदल परिच्छेदाच्या विरामावर आला, तर बऱ्याचदा खपून जातो. तो विराम भरायला दर बैठकीत अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा.

पूर्ण प्रकरण पुन्हा वाचायला मी सहजी सांगणार नाही. तिसऱ्या वाचनाला मजकूर पाठ होतो, आवाज गुळगुळीत होतो आणि पहिल्या वाचनातलं कुतूहल निघून जातं. दोनच कारणांसाठी ते करावं. एक, कथेतल्या आजीचा आवाज पुढे वेगळाच बसला आणि आधीचे संवाद परके वाटू लागले. दोन, खोलीचा आवाजच जास्त आहे. एसीएक्सच्या (ऑडिबलच्या ऑडिओबुक-निर्मिती मंचाच्या) मापात तो उणे 60 डेसिबलच्या वर चालत नाही. पंखा चालू ठेवून वाचलेलं प्रकरण पंच करून सुधारत नाही.

काहीही निवडलंत तरी नवं वाचन वेगळ्या ट्रॅकवर घ्या. जुना टेक फाइल पाठवेपर्यंत पुसू नका. पुष्कळदा तोच बरा निघतो.