पार्कर ५१: व्हॅक्युमॅटिक की एरोमेट्रिक? काही महिने रोज लिहून झाल्यावर

माझ्याकडे पार्कर ५१ ही दोन फाउंटन पेनं आहेत, एक व्हॅक्युमॅटिक आणि एक एरोमेट्रिक (ही शाई भरायच्या दोन पद्धतींची नावं). दोन्ही गेले काही महिने आलटून पालटून रोज वापरतोय, कारण एकच ठेवायचं आणि दुसरं विकायचं होतं. आधीच सांगतो, व्हॅक्युमॅटिक विकतोय, आणि त्यात पेनाचा काही दोष नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, हे पेन बाजारात आलं १९४१ मध्ये, आणि नाव ५१ कारण १९३९ मध्ये कंपनीला ५१ वर्षं झाली होती. निब जवळपास सगळी झाकलेली, नुसतं टोक बाहेर. बघायला साधंच, निबेवरची नक्षी वगैरे आवडणाऱ्यांनी दुसरं काहीतरी घ्या. पण त्या झाकणाचा फायदा वापरल्यावरच कळतो, टोपण उघडून विचार करत बसलं तरी शाई पटकन सुकत नाही, फोन घेऊन परत आलो तरी पहिल्याच अक्षराला लिहायला लागतं. आतमध्ये पातळ पातळ पात्यांचा कलेक्टर आहे, जादा शाई तो धरून ठेवतो, त्यामुळे डाग पडणं जवळजवळ नाहीच. टोपण नुसतं सरकवून बसतं, आटे नाहीत, मीटिंगमध्ये दर दोन मिनिटांनी लिहिणाऱ्याला हे फार सोयीचं.

वैताग एकच, निब दिसत नाही म्हणून पेन किंचित फिरलेलं हातात आलं की खरखरायला लागतं. मी टोपण मागे लावताना क्लिपचा बाण निबेच्या रेषेत आणतो, मग बघावं लागत नाही. आणि निब खिळ्यासारखी कडक आहे, दाब देऊन जाड-बारीक रेषा काढायच्या असतील तर हे पेन तुमचं नाही.

आता खरा फरक. व्हॅक्युमॅटिकमध्ये मागचं बटण दाबून शाई भरायची, आत रबराचा पडदा असतो आणि रबर ते रबरच, वर्षांनी कडक होतो, फाटतो, बदलावा लागतो, आणि फिलर, म्हणजे शाई भरायची ही यंत्रणा, काढायला वेगळं टूल लागतं, पक्कड लावली की गेलं. शाई मात्र भरपूर मावते. १९४८ पासून एरोमेट्रिक आलं, त्यात पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणि वर दाबायची पट्टी, दाबा, सोडा, थोडं थांबा, परत दाबा. ही पिशवी इतकी टिकाऊ निघाली की माझी अजून ओरिजिनल आहे, नुसत्या कोमट पाण्याने धुवून पेन चालू झालं. रोजच्या वापराला म्हणून हेच.

साफसफाईबद्दल एक, बॉडी ल्युसाइटची म्हणजे अॅक्रिलिकची आहे, स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नका, बारीक तडे जातात. शाई साधी, धुवून निघणारी वापरा, चमकीवाल्या शाया त्या कलेक्टरमध्ये अडकल्या तर काढायला अख्खं पेन खोलावं लागेल.

विकणाऱ्यांसाठी: घेणारा आधी टोकाचा क्लोजअप मागतो, कारण निब झाकलेली असल्यामुळे झिजलेलं टिपिंग (निबेच्या टोकावरचा कडक धातूचा ठिपका) फोटोत सहज लपतं. क्लोजअप द्याच, सोबत लिहून दाखवलेला कागदही. बॅरलवरचा (पेनाच्या मागच्या दांडीवरचा) छाप वाचता येतो का ते लिहा, तारखेचा कोड असेल तर तोही, आणि कुणाचं नाव कोरलेलं असेल तर ते घासून काढू नका, नाव असलेल्या पेनाला थोडे कमी मिळतील पण घासलेल्या बॅरलकडे पेनं जमवणारे बघतही नाहीत. स्टीलच्या मॅट टोपणाला पॉलिशने चकाचक करायचा मोह होतो (मला तर दर वेळी होतो), तेही नको, मूळ फिनिश गेलं की परत येत नाही. आणि 'रिस्टोर्ड' हा शब्द फक्त पडदा बदलला असेल तरच लिहा, धुवून पुसून ठेवलेल्या पेनाला रिस्टोर्ड म्हणणारे विक्रेते बघितले की डोकं फिरतं. माझ्या व्हॅक्युमॅटिकचा पडदा नवीन आहे, टोपणावर एक छोटा पोचा आहे, दोन्ही गोष्टी जाहिरातीत पहिल्याच ओळीत टाकल्यात. घेणाऱ्याने शाई भरायचं बटण हळू दाबावं, बाकी काही सांगायचं नाही.